कॅमेरा नाही, तरी चित्रीकरण कसं?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा शिक्षक. गावातल्या पतसंस्थेत नव्याने लागलेल्या मुलामुलींना एक्सेल शिकवतो आणि तोच धडा घरच्या संगणकावर बोलत बोलत रेकॉर्ड करून ठेवतो. तीन गोष्टींचा उलगडा होत नाही. एक, फोनने चित्रण करायचं तर कॅमेरा लागतो. संगणकाच्या पडद्यासमोर तर काहीच नसतं, मग तो स्वतःचा पडदा बघतो कुठून? दोन, माझ्या तासाभराच्या धड्याची फाइल २०० एमबीच्या आसपास येते, आणि पुतण्याच्या लग्नाचा तेवढ्याच लांबीचा व्हिडिओ चार जीबी खातो. असं का? तीन, ओटीटीवरची एक मालिका निव्वळ कुतूहलापोटी रेकॉर्ड करून पाहिली, तर आवाज आला आणि चित्राच्या जागी काळा चौकोन. त्यांना कसं कळलं? – एक वाचक, कराड तालुका

उत्तर : पडदा बघायची संगणकाला गरजच पडत नाही. तुम्हाला जे दिसतं ते पडद्यावर पोचण्याआधी मेमरीत आकड्यांच्या रूपात मांडून ठेवलेलं असतं. नेहमीच्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, ० ते २५५ यांच्या मधले. संगणकातला ग्राफिक्सचा भाग हे सगळे आकडे सेकंदाला बहुधा ६० वेळा वाचतो आणि केबलमधून मॉनिटरकडे धाडतो. मॉनिटर बिचारा हुकमाचा ताबेदार. रेकॉर्डिंगचा प्रोग्राम त्याच्या वाटेला जातच नाही; तो मेमरीतल्या त्या आकड्यांची प्रत मागून घेतो.

म्हणून मॉनिटरच्या काचेवर धूळ असो, तडा असो, ब्राइटनेस अगदी कमी केलेला असो, रेकॉर्डिंग लख्ख येतं. रात्री पडदा पिवळसर करणारा नाइट लाइट चालू असला तरी रेकॉर्डिंगमधले रंग सहसा नेहमीसारखेच असतात, कारण तो पिवळेपणा अगदी शेवटच्या टप्प्यावर, मॉनिटरकडे जाताना मिसळला जातो. प्रत त्याच्या आधीच काढलेली असते.

तरी कॅमेऱ्याची शंका आली म्हणून तुम्हाला कुणी हसू नये. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी माऊस, एका मजकुरातून दुसऱ्या मजकुरात उडी मारणाऱ्या लिंक, दूर बसलेल्या दोघांनी एकाच कागदावर एकाच वेळी काम करणं, हे सगळं दीड तासात जाहीरपणे करून दाखवलं. त्यांचा संगणक सभागृहात नव्हताच. तो तिथून सुमारे ५० किलोमीटरवर मेन्लो पार्कमधल्या प्रयोगशाळेत होता. तिथे छोट्या, पाच इंची पिक्चर ट्यूबवर अक्षरं उमटायची आणि त्या ट्यूबसमोर खराखुरा टीव्ही कॅमेरा रोखून ठेवलेला असायचा. कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र एरवी तारांमधून कामाच्या टेबलांवरच्या मॉनिटरपर्यंत जायचं; त्या दिवशी ते मायक्रोवेव्हच्या दुव्याने शहरात आणलं गेलं. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? तर मेमरी तेव्हा इतकी महाग होती की अख्ख्या पडद्याचा ठिपका न् ठिपका साठवून ठेवणं परवडतच नव्हतं. साठवलेलं चित्र नाही, तर प्रत कशाची काढणार? संगणकाच्या पडद्याचं ते गाजलेलं चित्रण आजही बघायला मिळतं, ते कॅमेऱ्याच्या कृपेने.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मध्ये घालतो, कारण काळ्या चौकोनाचं मूळ तिच्यात आहे. पडद्यावर एकत्र दिसणारं सगळं मेमरीत एकाच चित्रात असतं, असं नाही. कीबोर्डवरचं प्रिंटस्क्रीनचं बटण दाबा आणि आलेलं चित्र पेंटमध्ये चिकटवून पाहा. सगळं आहे, माऊसचा बाण तेवढा नाही. बाण सतत हलत असतो; तो हलला की दर वेळी खालचं चित्र पुन्हा रंगवत बसायचं, हे खर्चीक काम. म्हणून ग्राफिक्स कार्ड बाणाचं इवलंसं चित्र वेगळं ठेवतं आणि मॉनिटरकडे पाठवता पाठवता वरून मांडतं. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामला विंडोज चित्र वेगळं देतं, आणि बाणाचा आकार व जागा वेगळी कळवतं. तो बाण फिरून त्या जागी रंगवायचं काम प्रोग्रामचं. काही प्रोग्राममध्ये ‘कर्सर दाखवा’ अशी चौकट असते ती यासाठीच. तुमच्यासारख्या शिकवणाऱ्यांनी ती विसरू नये. बाण नसलेला एक्सेलचा धडा बघणाऱ्याला वेड लावतो.

विंडोज एक्सपीच्या काळात व्हिडिओचंही असंच होतं. व्हिडिओ चालवणारा प्रोग्राम आपल्या खिडकीत एक ठरावीक गडद रंग भरून ठेवायचा, आणि ग्राफिक्स कार्ड तो रंग जिथे जिथे दिसेल तिथे वरून चित्रपट उमटवायचं. त्यामुळे चित्रपट चालू असताना स्क्रीनशॉट घेतला तर हाती नुसता गडद चौकोन यायचा. गंमत अशी की तो स्क्रीनशॉट पेंटमध्ये चिकटवला आणि चित्रपट मागे चालूच असला, तर पेंटच्या त्या चौकोनातही चित्रपट हलताना दिसायचा! चिकटवलेल्या चित्रात तोच रंग होता, आणि कार्डाला रंगापलीकडचं काही कळत नव्हतं. खिडकी जरा सरकवली की भूत पळायचं. सायबर कॅफेत ही जादू दाखवून भाव खाल्लेली मंडळी आता पन्नाशीकडे झुकली असतील.

२००७ साली विंडोज व्हिस्टा आली आणि हा कारभार बदलला. प्रत्येक खिडकी आपापलं चित्र मेमरीत स्वतंत्र जागी काढू लागली आणि डेस्कटॉप विंडो मॅनेजर नावाचा भाग ती सगळी चित्रं एकावर एक रचून अंतिम पडदा तयार करू लागला. आजचे रेकॉर्डर दुसऱ्या खिडकीखाली झाकली गेलेली खिडकीही अखंड टिपतात ती यामुळे. मात्र खिडकी मिनिमाइज केली की तिचं चित्र काढणंच थांबतं आणि रेकॉर्डिंग शेवटच्या चित्रावर गोठतं. पुढे विंडोज ८ मध्ये रेकॉर्डरसाठी आणखी एक सोय आली. पडद्याची प्रत देताना विंडोज सोबत यादीही देतं, की मागच्या वेळेपासून पडद्याचे अमुक अमुक चौकोन बदलले आहेत आणि अमुक भाग इथून उचलून तिथे सरकला आहे. बाकी सगळं जसंच्या तसं.

या यादीपाशी तुमचा दुसरा प्रश्न भेटतो. गणिताचे शिक्षक आहात, तर आकडे मांडू. २०,७३,६०० पिक्सेल, प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे ६.२ एमबी. सेकंदाला ३० चित्रं धरली तर १८७ एमबी. मिनिटाला ११ जीबीच्या वर, तासाला जवळजवळ ६७० जीबी. घरगुती संगणकातल्या फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला सेकंदाला १८७ एमबी सलग तासभर लिहिणं बहुधा झेपायचंही नाही. तुमची फाइल २०० एमबीची. म्हणजे मूळ मालाच्या तीन हजारांवा भागही उरलेला नाही. त्यातही आवाज नेहमीच्या १२८ किलोबिटच्या दराने साठवला असेल तर तासाला ५७ एमबी त्याचेच. चित्राच्या वाट्याला जेमतेम दीडशे.

मग बाकीचं गेलं कुठे? ते लिहिलंच गेलं नाही. शाळेत तुम्ही रोज वर्गातल्या साठ मुलांची नावं नव्याने लिहीत नव्हता. नावं एकदाच लिहिलेली, रोज कोण गैरहजर तेवढं टिपायचं. व्हिडिओची फाइल याच हजेरीपुस्तकाच्या रीतीने चालते. अधूनमधून एक अख्खं चित्र साठवायचं. त्याच्या पुढच्या चित्रांत फक्त फरक नोंदवायचा. त्यासाठी चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे तुकडे पाडतात. तुकडा बदलला नाही तर ‘आधीचाच’ एवढा शेरा. जागेवरून सरकला असेल तर ‘तो अमुक इतका डावीकडे, अमुक इतका वर’. तुम्ही एक्सेलचं पान वर सरकवता तेव्हा ग्राफिक्स कार्डाने सगळे आकडे नव्याने रंगवलेले असतात, पण फाइलमध्ये बरेचदा नुसतं ‘सगळं इतकं वर’ अशीच नोंद पडते. तुम्ही एका चौकटीत आकडा टाकून दोन मिनिटं त्याचा अर्थ समजावत असाल, तर त्या दोन मिनिटांतली जवळपास साडेतीन हजार चित्रं मिळून फाइलमध्ये फारसं काही भरत नाहीत. आवाज तेवढा भरतो.

लग्नात काय होतं? कॅमेरा हातात, हात थरथरता. मांडवात दिव्यांच्या माळा लुकलुकतायत, अक्षता उडतायत, मागे पाहुणे येरझारा घालतायत. संध्याकाळचा अपुरा उजेड असेल तर कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा कणीदार गोंगाट वेगळाच. स्थिर भिंतसुद्धा दर चित्रात किंचित निराळी येते. ‘आधीचाच’ असा शेरा मारायला जागाच उरत नाही. चार जीबी हा त्या मानाने काटकसरीचाच हिशेब म्हणायचा.

ही पद्धत वापरणारं एक सर्रास चालणारं मानक म्हणजे एच.२६४, मंजुरी २००३ सालची. तुमचा रेकॉर्डरही बहुधा तेच वापरत असणार. त्यात दोन अख्ख्या चित्रांमधलं अंतर बरंच असू शकतं. एक्स२६४ या नावाजलेल्या मोफत एन्कोडरमध्ये मुळात ठरवलेली मर्यादा २५० चित्रांची आहे, म्हणजे सेकंदाला ३० च्या हिशेबाने आठ सेकंदांहून जास्त. व्हिडिओ पुढेमागे ओढताना तो नेमक्या हव्या त्या क्षणी न थांबता थोडा अलीकडे जाऊन बसतो किंवा क्षणभर अडखळतो, त्यामागे हे आहे. मधलं चित्र स्वतंत्र असत नाही. मागचं अख्खं चित्र गाठून, तिथपासूनचे फरक चढवत चढवत त्याला उभं करावं लागतं.

हे फरक शोधणं हे अतोनात आकडेमोडीचं काम. पंधरा-सतरा वर्षांपूर्वी घरच्या संगणकावर रेकॉर्डिंग लावलं की माऊस अडखळायचा आणि पंखा घोंघावू लागायचा, तो या आकडेमोडीने. २०११ मध्ये इंटेलने आपल्या प्रोसेसरमध्ये आणि पुढच्याच वर्षी एनव्हिडियाने आपल्या ग्राफिक्स कार्डांत केवळ याच कामासाठी वेगळी मंडळं बसवली. तेव्हापासून मुख्य प्रोसेसरवर फारसा ताण येत नाही. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर’ एन्कोडर निवडायची सोय असेल तर जुन्या संगणकावर ती जरूर निवडावी.

काटकसरीची किंमत मात्र कुठेतरी मोजावी लागते, आणि स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये ती रंगीत अक्षरांवर मोजली जाते. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक बारकाईने कळतो, रंगातला तितका नाही. रंगीत टीव्हीच्या इंजिनिअरांनी या उणिवेचा फायदा घेतला आणि व्हिडिओने ती युक्ती पुढे चालवली. दोन बाय दोन अशा चार पिक्सेलच्या चौकोनात उजेडाचे आकडे चार ठेवायचे, पण रंग चौघांत मिळून एकच. एवढ्यावर माल निम्मा होतो. निसर्गदृश्यात किंवा चेहऱ्यात हे कळत नाही. पण निळ्या पट्टीवर लाल, बारीक अक्षरात ‘एकूण थकबाकी’ लिहिलं असेल तर तिथे उजेडातला फरक थोडा आणि रंगातला भरपूर, म्हणजे सगळी भिस्त नेमक्या टाकून दिलेल्या मालावर. अक्षरांच्या कडा फुटतात. लोक म्हणतात कॅमेरा धूसर. कॅमेरा तर नाहीच. पांढऱ्यावर काळं किंवा काळ्यावर पांढरं ठेवा, अक्षर मोठं करा. तुमचे विद्यार्थी धडा फोनवर बघत असणार. संगणकावर नीट दिसणारी एक्सेलची चौकट फोनवर मुंगीएवढी होते. धडा रेकॉर्ड करण्याआधी एक्सेलचा झूम दीडपट करावा, आणि न लागणाऱ्या पट्ट्या मिटवून टाकाव्यात.

आता काळा चौकोन. ‘त्यांना कसं कळलं’ असं तुम्ही विचारलंत, पण त्यांना काहीच कळलेलं नाही. तुम्ही रेकॉर्ड करताय की नाही हे बघायला तिथे कुणी बसलेलं नाही. मालिकेचं चित्र प्रतीत नव्हतंच, एवढंच खरं. ओटीटीवरचा व्हिडिओ कुलूपबंद स्थितीत येतो. गुगलचं वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी ही त्या कुलपांची नावं. कुलूप उघडतं ते मेमरीच्या राखीव भागात, जिथे इतर प्रोग्रामना प्रवेश नाही. तिथून चित्र मॉनिटरकडे जातं, बरेचदा केबलमध्येही पुन्हा कुलूपबंद होऊन. तुमच्या रेकॉर्डरने प्रत मागितली तेव्हा विंडोजने राखीव भाग सोडून बाकीचा पडदा दिला. जागा रिकामी, म्हणून काळी. आवाजाची वाट वेगळी आणि तिच्यावर इतका कडक पहारा नसतो, म्हणून तो आला. एक्सपीतला गडद चौकोन ही यंत्राची अडचण होती. आजचा काळा चौकोन मुद्दाम केलेला आहे.

असं कुलूप लावायला चित्रपटच हवा असं नाही. ‘माझ्या खिडकीची प्रत कुणाला देऊ नकोस’ असं कोणताही प्रोग्राम विंडोजला सांगू शकतो. ही सोय विंडोज ७ पासून आहे. फोनवर बँकेच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट घेता येत नाही तो याच धर्तीच्या सोयीमुळे. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने काही नव्या संगणकांसाठी रिकॉल नावाची सोय जाहीर केली. संगणकाने दर काही सेकंदांनी स्वतःच्या पडद्याचं चित्र काढून ठेवायचं, म्हणजे मालकाला पुढे कधीही जुनं पाहिलेलं शोधता येईल. त्यावर एवढा गदारोळ झाला की ती लगोलग पुढे ढकलावी लागली, आणि नंतर आली ती मालकाने स्वतः चालू केली तरच चालेल अशा अटीवर. तरीही मे २०२५ मध्ये सिग्नल या निरोपांच्या अ‍ॅपने आपल्या विंडोजवरच्या खिडकीला हेच कुलूप ठोकलं. चित्रपट कंपन्यांसाठी घडवलेली कडी खासगी गप्पांच्या राखणीला लागली. मला यात काव्यगत न्याय दिसतो.

ओटीटीचं कुलूप चुकवायच्या युक्त्या फिरत असतात. त्या मी सांगणार नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेल्या कलम ६५ए प्रमाणे, हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

तुमच्या उद्योगाला जवळचं एक उदाहरण सांगतो. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. त्यात लिब्रे ऑफिस, लिनक्स, सायलॅब अशा मुक्त सॉफ्टवेअरचे धडे आहेत, आणि ते सगळे स्क्रीन रेकॉर्डिंगच आहेत. पडद्यावरचं काम तेच ठेवून वरचा आवाज तेवढा भारतीय भाषांत बदलतात, त्यात मराठीही आहे. धडा साधारण दहा मिनिटांचा. शिकणाऱ्याने पडद्याच्या अर्ध्या भागात धडा लावायचा, अर्ध्या भागात ते सॉफ्टवेअर उघडायचं, आणि धडा थांबवत थांबवत स्वतः करून पाहायचं. शिक्षक समोर नसताना मुलं शिकावीत, एवढ्याच हिशेबाने सगळी आखणी केलेली आहे. तुमचा तासाभराचा धडा फाइल म्हणून लहान असेल, पण बघणाऱ्याला लांबच. त्याचे सहा तुकडे करा. व्याजाचं सूत्र चुकलं की मुलगी नेमका तोच तुकडा पुन्हा लावेल.

प्रश्न : विंडोजमध्येच रेकॉर्डर असतो म्हणतात. मग वेगळं काही का घ्यायचं? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : साध्या कामाला घेऊ नका. विंडोज १० मध्ये गेम बार आहे. विंडोज चिन्हाचं बटण, ऑल्ट आणि आर एकदम दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा दाबलं की बंद. फाइल व्हिडिओज फोल्डरमधल्या कॅप्चर्समध्ये जाऊन बसते. नावाप्रमाणे तो खेळांसाठी केलेला आहे, म्हणून एका वेळी एकाच प्रोग्रामची खिडकी टिपतो. रिकामा डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर दाखवायचा म्हटलं की हात वर करतो. विंडोज ११ मध्ये स्निपिंग टूललाच २०२३ पासून व्हिडिओ घ्यायची सोय आली. ते पडद्यावर आखून दिलेला चौकोन टिपतं आणि बहुतेक घरांना पुरेसं आहे. मॅकवर शिफ्ट, कमांड आणि ५.

एकाच वेळी पडदा, कोपऱ्यात स्वतःचा चेहरा आणि दोन वेगळे आवाज हवे असतील तर ओबीएस स्टुडिओ. २०१२ पासूनचं, मोफत, मुक्त स्रोताचं. पहिल्या भेटीत ते विमानाच्या कॉकपिटसारखं वाटतं हे खरं. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील तर ओबीएसमध्ये नुसता काळा पडदाही दिसू शकतो, आणि तो मात्र कुलपाचा काळा नव्हे: पडदा एका ग्राफिक्सकडे, ओबीएस दुसऱ्याकडे, अशी चुकामूक झालेली असते. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला दुसऱ्या ग्राफिक्सवर हलवलं की काम होतं. ‘फ्री स्क्रीन रेकॉर्डर’ असं शोधून वर येईल ते उतरवणं टाळा. त्यातले बरेच ठरावीक मिनिटांनंतर थांबतात, नाहीतर तुमच्या धड्यावर स्वतःच्या नावाचा शिक्का मारतात.

प्रश्न : ऑनलाइन मीटिंग माझ्या संगणकावर रेकॉर्ड केली तर समोरच्यांना कळतं का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मीटिंगच्या अ‍ॅपमधलंच रेकॉर्डचं बटण वापरलं तर सर्वांना सूचना जाते. स्वतःच्या संगणकावर वेगळा रेकॉर्डर लावला तर सहसा कळत नाही, कारण प्रत तुमच्या मेमरीतून निघते आणि अ‍ॅपला त्याचा पत्ता नसतो. म्हणूनच आधी विचारायचं. त्यातून लहान मुलांचा वर्ग असेल तर इतरांच्या मुलांचे चेहरे, नावं आणि घरातले आवाज तुमच्या फाइलमध्ये येतात. आपल्या मुलासाठी ठेवतोय ही सबब तिथे पुरत नाही.

आवाजाबद्दल एक सूचना. संगणकातून येणारा आवाज रेकॉर्डर आतूनच उचलतो. तोच आवाज स्पीकरमधून बाहेर पडून तुमच्या माईकमध्ये शिरला तर किंचित उशिराने दुसऱ्यांदा नोंदला जातो आणि सगळे विहिरीतून बोलताहेत असं ऐकू येतं. हेडफोन लावावेत.

प्रश्न : रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली. फाइल जागेवर आहे, चांगली ७०० एमबीची आहे, पण उघडत नाही. सगळं गेलं का? – एक वाचक, जालना

उत्तर : चित्र आणि आवाज बहुधा शाबूत आहेत, हरवली आहे ती सूची. एमपीफोर फाइलमध्ये कोणतं चित्र फाइलच्या कोणत्या भागात आहे याची सूची असते, आणि रेकॉर्डर ती साधारणपणे काम थांबवताना, सर्वांत शेवटी लिहितो. वीज आधीच गेली, त्यामुळे सूची लिहिलीच गेली नाही, आणि सूचीशिवाय प्लेअरला त्या ७०० एमबीत काय कुठे आहे ते कळत नाही. अनट्रंक नावाचं एक मोफत साधन आहे. त्याच संगणकावर, त्याच सेटिंगने केलेली दुसरी धडधाकट फाइल नमुना म्हणून दिली तर ते सूची पुन्हा बांधायचा प्रयत्न करतं, आणि बरेचदा जमतंही. मोडकी फाइल आधी कॉपी करून ठेवा, खेळ त्या कॉपीवर करा.

पुढच्या वेळेसाठी एमकेव्ही प्रकारात रेकॉर्ड करा. त्यात लागणारी माहिती जागच्या जागी लिहिली जाते, त्यामुळे वीज गेली तर शेवटचे काही क्षण जातात, बाकीचं चालतं. ओबीएसमध्ये ही निवड वर्षानुवर्षं मुळातच केलेली असायची, आणि काम झाल्यावर फाइलच्या मेन्यूत जाऊन एमकेव्हीची एमपीफोर करता येते. नव्याने दाबणं नसल्याने दर्जा घटत नाही आणि वेळही फारसा लागत नाही. २०२४ मध्ये त्यांनी एमपीफोरचाच असा एक प्रकार आणला जो मध्येच तुटला तरी वाचतो.

फाइल थेट पेनड्राइव्हवर लिहीत असाल तर तेही थांबवा. बरेच जुने पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्या पद्धतीत एक फाइल चार जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही. ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी रेकॉर्डिंग तिथे कोलमडतं. आधी संगणकात लिहा, मग ड्राइव्हवर न्या. मोठ्या फाइली न्यायच्या असतील तर ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, अर्थात त्यावरचं सगळं आधी दुसरीकडे काढून.